पायाच्या अंगठ्याची फाइल

मी डॉक्टर नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण रुग्णालयात नोकरी आहे म्हटलं की लोक ताबडतोब जीभ बाहेर काढून दाखवतात. मी नोंद विभागाचा प्रमुख आहे. माणूस दवाखान्यात येतो, बरा होतो, घरी जातो; मागे उरते ती त्याची फाइल, आणि ती सांभाळणारा मी. तळमजल्यावर धुलाईघराला लागून माझा विभाग आहे. बावीस लोखंडी मांडण्या, चौसष्ट हजार फाइली आणि दोन खिडक्या, त्यातली एक उघडते. सव्वीस वर्षांत माझ्या हातून एक फाइल हरवलेली नाही. हे मी घरी इतक्यांदा सांगितलंय की मी चष्मा शोधायला लागलो की बायको स्वयंपाकघरातूनच म्हणते, "फाइल असती तर सापडली असती."

आमच्याकडे नोंदींचे एकोणचाळीस नियम आहेत आणि ते सगळे मी लिहिलेत. ते कोणी वाचत नाही, ही माझी जुनी तक्रार. पुढे जे घडलं त्यात ती तक्रार पार मिटली. आता रुग्णालयातल्या शिपायालासुद्धा नियम एकतीस तोंडपाठ आहे.

झालं असं की माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्याचं नख मांसात रुतलं. दुखणं काही भारदस्त नव्हे. हृदयाचं काही असतं तर चार लोकांत सांगता आलं असतं. आमच्या शेजारी कोर्टातून निवृत्त झालेले एक कारकून राहतात. प्रत्येक गोष्टीला हरकत घेतात म्हणून सगळी इमारत त्यांना हरकतकाका म्हणते. त्यांनी अंगठा बघून सांगितलं की आधी दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या. मी म्हटलं, अजून पहिल्याचंच घेतलेलं नाही. ते म्हणाले, "मग पहिल्याचं राहू द्या, एकदम दुसऱ्याचं घ्या." शेवटी बायको म्हणाली, "अहो, तुमच्याच दवाखान्यात दाखवा ना. आईंना आज डोळे तपासायला न्यायचंच आहे, दोन्ही कामं होतील." म्हणून आईला दुसऱ्या मजल्यावर डोळ्यांच्या रांगेत बसवलं आणि मी खाली छोट्या शस्त्रक्रियेच्या खोलीत गेलो.

पुढच्या पंचवीस मिनिटांतलं मला थोडंसंच आठवत होतं, आणि जेवढं आठवत होतं तेवढं पुरेसं होतं. घरी आल्यावर मी सांगितलं, "किरकोळ होतं. हसत हसत काढून घेतलं."

चौथ्या दिवशी ती फाइल खाली आली. माझ्या हाताखाली ज्या बाई आहेत त्यांच्या तोंडात कायम दोन-तीन टाचण्या असतात, त्यामुळे त्या टाचणीबाई. आलेल्या फाइलीत सह्या, वेळा, तारखा आहेत का ते त्या तपासतात. त्या चहाला गेल्या होत्या. ढिगात वरच माझं नाव. आता नियम नऊ असा आहे की कर्मचाऱ्यानं स्वतःची किंवा नातलगाची फाइल उघडू नये. नियम मीच केलेला, त्यामुळे त्याचा आत्मा मला ठाऊक होता, आणि त्या आत्म्याला माझी हरकत नसावी असं मानून मी फाइल उघडली.

सिस्टरनं लिहिलं होतं:

"११.४० : भुलीची सुई पाहून रुग्ण टेबलावरून उतरला व दाराकडे गेला. ११.४२ : परत आणले. रुग्ण रडला. 'आईला बोलवा' असे दोनदा म्हणाला. ११.४५ : धीर दिला. रुग्णाने माझा हात धरून ठेवला. ११.५५ : भूल दिली. १२.०५ : नख काढले. रुग्णाने हात सोडला."

वर, पहिल्याच रकान्यात, वय ५३.

मी खुर्चीवर बसलो. अक्षर मोत्यासारखं होतं, हे आणखी वाईट. डॉक्टरचं अक्षर असतं तर जगात कुणालाही त्याचा पत्ता लागला नसता. आणि दोष तरी कुणाला द्यायचा? नव्या सिस्टरांना नोंदी कशा लिहाव्यात ते दर वर्षी मीच शिकवतो. "'रुग्ण ठीक' असलं मोघम लिहू नका. जे घडलं तेच लिहा, घड्याळ बघून लिहा, रुग्णाचे शब्द जसेच्या तसे लिहा," असं मी टेबलावर पेन्सिल आपटून सांगतो. ही सिस्टर दोन वर्षांपूर्वी पहिल्या रांगेत बसून ते सगळं वहीत उतरवून घेत होती. मला तेव्हा तिचं फार कौतुक वाटलं होतं.

शिवाय आमच्याकडे रुग्णाच्या मृत्यूनंतरही दहा वर्षं फाइल ठेवायची पद्धत आहे. नियम बावीस. म्हणजे मी एक दिवस जाणार आणि "आईला बोलवा" मागे राहणार.

संध्याकाळी जिन्यात मी हरकतकाकांचा सल्ला घेतला. अर्थात माझं नाव न सांगता, "आमच्या विभागातल्या एका गृहस्थांच्या बाबतीत असं झालंय" म्हणून. काकांनी माझ्या पट्टी बांधलेल्या अंगठ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "त्या गृहस्थांना म्हणावं, लेखी हरकत घ्या. कागदाला उत्तर कागदानंच द्यायचं. आणि काही झालं तरी कबूल करायचं नाही." कोर्टात चाळीस वर्षं काढलेला माणूस. मला ते पटलं.

नोंदीत दुरुस्ती हवी असेल तर त्यासाठी फॉर्म आहे. तोही मीच केलेला. अकरा वर्षांत एकानंही तो भरला नव्हता, म्हणून माझ्या अर्जाला क्रमांक एक मिळाला. फॉर्मवर चार चौकोन आहेत आणि त्यातल्या एकावर खूण करावी लागते. अ, नोंद अपुरी आहे. ब, नोंद वाचता येत नाही. क, नोंद दुसऱ्या रुग्णाची आहे. ड, नोंद खोटी आहे. मी पेन उघडून बराच वेळ बसलो. अपुरी म्हणावी तर कशानं? वाचता येत नाही म्हणावं तर शाळेतलं पोरही वाचेल. दुसऱ्या रुग्णाची म्हणायचं तर तो दुसरा रुग्ण कुठून आणायचा? राहता राहिला ड. मी ड वर खूण केली. छोटीशी केली, पण खूण ती खूण.

खाली सूचना होती: "आक्षेपार्ह मजकूर अर्जदाराने स्वहस्ते, सुवाच्य अक्षरात, चार प्रतींत उतरवावा." ही सूचना लिहिताना मी काय विचार केला होता देव जाणे. चार वेळा मी स्वतःच्या हातानं "रुग्ण रडला" लिहिलं. तिसऱ्या वेळेला माझं अक्षर बिघडलं, म्हणून ती प्रत पुन्हा लिहिली. म्हणजे पाच वेळा.

अर्ज नोंद विभागाच्या प्रमुखाकडे द्यायचा असतो. मी तो स्वतःला दिला, "मिळाला" असा शिक्का मारला आणि स्वतःला पोच दिली. मग लक्षात आलं की नियम नऊनुसार हे प्रकरण मला हाताळता येत नाही. ते हाताखालच्या माणसाकडे सोपवायला हवं. टाचणीबाईंनी अर्ज वाचला. पुन्हा वाचला. तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढून डबीत ठेवल्या.

"सर, हे पाठवायचंच का?"

"नियमाप्रमाणे जे असेल ते करा."

"नाही, मी नियमाचं नाही म्हणत."

"मग?"

"काही नाही," त्या म्हणाल्या आणि टाचण्या परत तोंडात ठेवल्या.

चार प्रती चार ठिकाणी गेल्या: अधीक्षक मॅडम, सर्जन, मेट्रन आणि फाइल. फाइलीला लाल पट्टी लागली आणि ती वेगळ्या मांडणीवर गेली, कारण वादातली फाइल चटकन सापडावी असा नियम आहे. चटकन सापडली. आमच्याकडे फाइल बघणाऱ्यानं वहीत सही करून कारण लिहायचं असतं. पहिल्या आठवड्यात माझ्या अंगठ्याच्या फाइलीसाठी एकतीस सह्या झाल्या. आहारतज्ज्ञ बाईंनी कारण लिहिलं होतं, "आहार." रक्तपेढीवाल्यानं लिहिलं होतं, "रक्तगट पडताळणी." कानाच्या डॉक्टरांनी "संदर्भ" एवढंच लिहिलं होतं. एकेकाळी हृदयशस्त्रक्रियेच्या फाइलीकडेही कुणी ढुंकून बघत नव्हतं, म्हणून मी आधीच्या अधीक्षकांकडे गाऱ्हाणं घेऊन गेलो होतो.

कुणी तोंडावर हसलं नाही, हे कबूल केलं पाहिजे. सगळे माझ्याशी फार मायेनं वागायला लागले. लिफ्टवाला दार उघडून विचारायचा, "साहेब, आई बऱ्या आहेत ना?" औषधांच्या खिडकीवरचा माणूस म्हणायचा, "आईंना नमस्कार सांगा." क्ष-किरणवाल्यानं तर एक दिवस माझ्या पाठीवरून हात फिरवला. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान माणूस. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं, पण मी आधीच तळमजल्यावर बसत होतो, त्याच्या आणखी खाली काय जाणार.

आणि मग आईला डोळ्यांचे थेंब आणायला पुन्हा दवाखान्यात यावं लागलं. या वेळी बायको घेऊन आली होती. दारातून आत शिरल्याबरोबर दोन जणांनी आईला खुर्ची दिली, एकीनं पाणी आणलं, आणि एका कोवळ्या सिस्टरनं विचारलं, "तुम्हीच का त्या आई?" आईला वाटलं, मुलगा मोठा अधिकारी झालाय. बायकोला तसं काही वाटलं नाही. तिनं चौकशी केली. तिला पाच मिनिटं लागली.

जेवताना ती म्हणाली, "हसत हसत काढून घेतलंत ना?"

मी भातावर आणखी वरण ओतून घेतलं. आईनं मात्र सरळ विचारलं, "अरे, मी वरच्याच मजल्यावर बसले होते. बोलवायचं होतंस की. आले असते जिना उतरून."

"आई, मी त्रेपन्न वर्षांचा आहे."

"मग? मी कुठे म्हणतेय की नाहीस म्हणून."

एवढ्यावर थांबलं असतं तर मी ते गिळलं असतं. पण तिसऱ्या आठवड्यात मेट्रन स्वतः तळमजल्यावर आल्या. त्या कधी खाली येत नाहीत. आमच्याकडची धूळ त्यांना सोसत नाही. त्या बसल्या नाहीत. म्हणाल्या, "त्या सिस्टरचा नोंदींचा दाखला तुमच्याकडून आलेला नाही."

आमच्याकडे नवी सिस्टर दोन वर्षं तात्पुरती असते. कायम व्हायचं तर तिच्या नोंदी खऱ्या आणि पुऱ्या असल्याचा दाखला लागतो, आणि तो माझ्या सहीनं जातो. मी म्हटलं, "तयार असेल, बघतो." टाचणीबाई जागेवरूनच म्हणाल्या, "नियम एकतीस, सर."

नियम एकतीस: एखादी नोंद खोटी असल्याची तक्रार आली, तर निकाल लागेपर्यंत ती लिहिणाऱ्याचा दाखला थांबवावा. आता हा नियम काही वाईट नाही. खोट्या नोंदी लिहिणाऱ्याला कायम कशाला करायचं? फक्त तो लिहिताना ड वर खूण करणारा खरा असेल असं मी धरून चाललो होतो.

"तीस तारखेला तिची मुदत संपते," मेट्रन म्हणाल्या. "दाखला नसला तर तिला घरी जावं लागेल. मुलीचं नाव तिनं इथल्या शाळेत घातलंय. दोन वर्षांत तिच्याबद्दल एक तक्रार नाही. ही पहिली." आणि त्या धूळ झटकत निघून गेल्या. मी आयुष्यात पुष्कळदा शरमलो आहे, पण ते कान लाल होणारं शरमणं असतं. हे तसलं नव्हतं.

मी लगेच टाचणीबाईंना सांगितलं, अर्ज मागे घेतो. त्यांनी नियमांची वही उघडून माझ्यापुढे सरकवली. ड चा अर्ज परस्पर मागे घेता येत नाही. अर्जदारावर कुणी दबाव आणू नये म्हणून त्यानं समितीपुढे उभं राहून तोंडानं सांगायचं. खाली सही माझी. त्या सहीखाली मी त्या काळी दोन टिंबंही द्यायचो.

समितीची तारीख एकोणतीस ठरली. हरकतकाकांना सगळं खरं सांगावं लागलं. त्यांना ते आधीच माहीत होतं. म्हणाले, "सोपं आहे. 'मला आठवत नाही' म्हणायचं. ते खोटं नाही, खरंही नाही. तुमची अब्रू राहते, समिती काय करायचं ते करेल."

"आणि ती सिस्टर?"

"तिचा वकील वेगळा," काका म्हणाले.

सांगायला शरम वाटते, पण दोन दिवस मी आरशासमोर "मला आठवत नाही" म्हणून बघितलं. जमत होतं. एकदा तर इतकं छान जमलं की माझाच विश्वास बसला. बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. वर न बघता म्हणाली, "वीस मिनिटं हात धरून उभी होती ती तुमचा. मी बाळंतपणात तुमचा धरला होता, तर तुम्ही पाच मिनिटांत सोडवून घेतला होतात." मग घडी केलेले कपडे उचलून ती आत गेली.

एकोणतीसला अधीक्षक मॅडमच्या खोलीत सगळे जमले. मॅडम, सर्जन, मेट्रन, नोंदी वाचायला टाचणीबाई. सिस्टर दाराजवळ उभी होती. धुतलेला गणवेश, हातात काही नाही. बसा म्हटलं तरी बसली नाही. टाचणीबाईंनी नोंद मोठ्यानं वाचली. त्यांचा आवाज एरवी ऐकू येत नाही. त्या दिवशी टाचण्या नसल्यामुळे खणखणीत आला.

मॅडमनी सिस्टरला विचारलं, "हे असंच घडलं?"

"हो मॅडम."

"साक्षीदार?"

सर्जन म्हणाले, "मी पाठमोरा होतो, हातमोजे घालत होतो. आवाज ऐकला."

"कसला?"

ते माझ्याकडे बघून म्हणाले, "सांगता येणार नाही. मांजरही असेल."

तो सज्जन माणूस मला वाचवत होता. शस्त्रक्रियेच्या खोलीत मांजर शिरल्याचा ठपका स्वतःवर घेऊन वाचवत होता. मॅडम माझ्याकडे वळल्या. मी उठून, वैद्यकीय नोंदींचं आजच्या काळातलं महत्त्व यापासून सुरुवात केली. मॅडम म्हणाल्या, "ते आम्हाला माहीत आहे. नोंद खरी की खोटी?"

मी सिस्टरकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर बोलता आलं नसतं. समोरच्या पेपरवेटकडे बघून म्हटलं, "खरी आहे."

"सगळी?"

"सगळी. मी पळालो, रडलो, आईला बोलवा म्हटलं. दोनदाच म्हटलं. वेळासुद्धा बरोबर आहेत."

"मग ड वर खूण का केलीत?"

"खरं आहे पण लाज वाटते, असा चौकोन फॉर्मवर नव्हता."

मेट्रननी मान खाली घातली. त्यांचे खांदे हलत होते. मॅडमनी शांतपणे विचारलं, "हा फॉर्म कुणी केला?"

"मीच."

"अच्छा," मॅडम म्हणाल्या. मग माझा जबाब लिहून घेण्यात आला, तो फाइलीला जोडण्यात आला, म्हणजे आता ते सगळं माझ्या सहीनिशी आणि समितीच्या शिक्क्यासह तिथे राहणार. दाखल्यावर मी तिथल्या तिथे सही केली. मेट्रननी तो स्वतःच्या हातानं नेला.

खोलीबाहेर पडलो तेव्हा, खोटं कशाला सांगू, मला बरं वाटत होतं. छाती थोडी पुढे आली होती. एवढ्या लोकांसमोर असं कबूल करायला हिंमत लागते, हे आता तिलाही कळलं असेल, असं मनात होतं. व्हरांड्यात सिस्टर खिडकीशी थांबली होती. मी जाऊन म्हटलं, "सिस्टर, माफ करा मला." माझ्या मते ते मी चांगलं म्हटलं.

ती म्हणाली, "असू द्या सर. मला वाटलं, तुम्ही तेव्हा बोललात तसंच केलंत."

"तेव्हा? मी काय बोललो होतो?"

तिनं माझ्याकडे नीट बघितलं. मी सोंग करतोय की काय, असं आधी तिला वाटलं असावं. मग तिच्या लक्षात आलं.

"दाराजवळ. मी तुम्हाला परत आणत होते तेव्हा. 'तुमच्या दाखल्यावर माझी सही लागते, सिस्टर. हात सोडा माझा, नाहीतर बघतो तुम्ही कशा कायम होता ते.'"

व्हरांड्यातून एक ढकलगाडी गेली. आम्ही दोघं भिंतीला सरकलो.

"हे तुम्ही लिहिलं नव्हतं," गाडी गेल्यावर मी म्हटलं.

"नाही."

"का?"

"फाइल खाली तुमच्याकडेच येणार होती ना. वाचून तुम्हाला वाईट वाटलं असतं," ती म्हणाली. वॉर्डातली घंटा वाजली तशी ती निघून गेली.

घरी बायकोनं विचारलं तेव्हा मी समितीतलं सगळं सांगितलं, मांजरासकट. ती हसली आणि म्हणाली, "बरं केलंत." आईनं ऐकून माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि खरं बोललास म्हणून दोनदा कौतुक केलं. व्हरांड्यातलं मात्र मी दोघींनाही सांगितलं नाही. अजून सांगितलेलं नाही.